बिननावाचा बोर्ड

बाई फोन उचलल्यावर 'हॅलो' म्हणत नसत. "नंबर?" एवढंच विचारत. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, हातात स्वतःचा मोबाईल होता, तरी सवय गेली नव्हती. समोरचा माणूस गोंधळून "बाई, मी बोलून राहिलो, मी" असं म्हणाला की मग त्या मूळ पदावर येत. आणि बोलणं लांबलं की "तीन मिनिटं झाले" म्हणून फोन ठेवून देत. माझं लग्न ठरल्याची बातमी मी त्यांना फोनवरच दिली. मुलगा कुठला, काय करतो, एवढं सांगून होईपर्यंत तीन मिनिटं झाली. आशीर्वादासाठी मला दुसरा फोन करावा लागला.

पांढुर्ण्याच्या एक्सचेंजात हाताने लाईन जोडायच्या दिवसांत त्या नोकरीला लागल्या. संत्र्याच्या हंगामात व्यापाऱ्यांचे तीन-तीन मिनिटांचे ट्रंक कॉल रांगेत असायचे आणि विशीतल्या बाई कानाला हेडफोन लावून एकेकाला जोडून द्यायच्या. पुढे यंत्रं बदलली, कॉम्प्युटर आले. बरोबरच्या बायकांनी कुरकुर केली. बाईंनी नागपूरला जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि परत आल्यावर सगळ्यांना शिकवलं. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणत, "लाईन एंगेज होती." कोणाची, ते कधी सांगितलं नाही.

सुती साडी, तिच्याखाली पोरांचे असतात तसले पांढरे बूट, आणि मोपेड. रामाकोन्याला त्यांच्या वडिलांची संत्र्याचा बगीचा होता, तो त्याच पाहत. त्या बगीच्यामुळेच त्या आमच्या कंपनीच्या संचालक झाल्या.

कंपनी म्हणजे पांढुर्ण्याच्या बाहेर, संत्रा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. एक मोठं टिनाचं शेड. त्यात संत्र्याची छटाई व्हायची, म्हणजे लहान-मोठा, चांगला-डागी वेगळा करायचा, कॅरेटमध्ये भरायचा आणि ट्रक लादायचा. शेडच्या टोकाला दोन खोल्यांचं ऑफिस, दुसऱ्या टोकाला रिकामे कॅरेट ठेवायचं गोदाम. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. सौंसरची मी, बाबा नगरपालिकेत पाण्याच्या पंपावर होते. आमच्या मोहल्ल्यात पीजीडीसीए हा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे घरात माझ्या नोकरीचं कौतुक फार. सकाळच्या बसने यायचं, संध्याकाळच्या बसने परत.

मी पाहिलेली संचालकांची पहिली बैठक दीड तास चालली. त्यातला सव्वा तास आमचे अध्यक्ष बोलले. अध्यक्ष म्हणजे भल्या मनाचा, भल्या मोठ्या आवाजाचा माणूस. तालुक्यातल्या मोठ्या बगीच्यांपैकी एक त्यांचा. दर शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जाणार, म्हणून शनिवारी बैठक नाही, हा कंपनीचा अलिखित नियम. ते बोलायला लागले की बाकीचे माना हलवायचे.

बैठक संपल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. त्यांच्या हातातल्या कागदावर रेघा ओढलेल्या होत्या.

"अकरा जन होते," त्या म्हणाल्या. "तिघं बोलले. आठांनं चहा पेला. तू कोपऱ्यात बसून होती न, तुह्या डोक्यात काही आलं होतं का?"

मी घाबरले. "आलं होतं, बाई."

"काय?"

मी आठवायचा प्रयत्न केला. "आता नाही आठवत."

बाईंनी टाळी वाजवली. चिडून नव्हे, आनंदाने. "हेच! हेच सांगून राहिली मी. एका लाईनवर एकच बोलते. बाकीचे लाईन खाली व्हायची वाट पाह्यतात. अन् वाट पाह्यता पाह्यता डोक्यातलं उडून जाते. अन् ज्याचा आवाज मोठा, त्याची लाईन कायम एंगेज. आता सांग, कॉम्प्युटरवर सगळ्याइले एकाच वेळी बोलता येईन का?"

"बोलता नाही येणार, बाई. लिहिता येईल."

"मंग लिहू दे. अन् कोनं लिवलं थे दिसलं नाई पाह्यजे."

असं आमचं काम सुरू झालं. एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता, तिथले पाच जुने कॉम्प्युटर बाईंनी आणले. मी तीन आठवडे खटपट करून एक साधं पान बनवलं. प्रत्येकाने आपापल्या मशीनवर किंवा फोनवर लिहायचं. लिहिलेलं सगळ्यांना शेडच्या चुना मारलेल्या भिंतीवर प्रोजेक्टरने मोठ्या अक्षरात दिसणार, नंबर पडणार, नाव नाही. दुसऱ्याचं वाचून आपल्याला काही सुचलं तर ते त्याखाली जोडायचं. मी त्याला इंग्रजी नाव दिलं होतं. बाईंनी ते खोडलं आणि म्हणाल्या, "बोर्ड म्हन. एक्सचेंजात आमी ज्याच्यावर बसत होतो थोही बोर्डच होता."

पहिल्या दिवशी बोर्डावर काय यावं? विषय होता बारका संत्रा कुठं विकायचा. अर्ध्या तासात भिंतीवर नऊ गुलाबाची फुलं, चार 'सुप्रभात', एक 'चहा केव्हा' आणि एक 'बारका संत्रा बकऱ्याले चारा' एवढं जमलं. संचालक खो खो हसले. मला रडू आलं. बाईंनी मात्र चष्मा वर करून भिंत पुन्हा पुन्हा वाचली. "एक इचार तं आला न," त्या म्हणाल्या. "बकऱ्याइचा. मागच्या मीटिंगमधी एकही नव्हता."

त्यानंतर त्यांनी नियम केले. पहिला अर्धा तास कोणी तोंड उघडायचं नाही, फक्त लिहायचं. वेडंवाकडं, अर्धं, चुकीचं, जे येईल ते. जितकं जास्त तितकं बरं. दुसऱ्या अर्ध्या तासात सारखं सारखं एकत्र करायचं. आणि मग प्रत्येकाने तीन मतं टाकायची. चांगलं-वाईट ठरवणं अगदी शेवटी. या सगळ्यात एक शब्द बंद: 'पण'. "'पण' म्हटलं का पाणी," बाई म्हणत. जो 'पण' म्हणेल त्याने तिथल्या तिथे एक गिलास पाणी प्यायचं. नियम त्या स्वतः पाळून घेत, तांब्या घेऊन उभ्या राहत. एका बैठकीत अध्यक्षांना पाच गिलास प्यावे लागले. सहाव्याला ते उठून बाहेर गेले आणि परत येईपर्यंत शेडमध्ये अशी काही शांतता होती की भिंतीवर भराभर अठरा सूचना आल्या.

बाईंना सगळे मानत होते असं मात्र नाही. हट्टी होत्या. आपलं बोलणं कोणी तोडलेलं त्यांना खपायचं नाही, आणि दुसऱ्याचं मात्र त्या बेधडक तोडत. एकदा एका संचालकाचं मुलीच्या सासरचं गाऱ्हाणं चाललं होतं, तर "तीन मिनिटं झाले" म्हणून उठल्या. तो माणूस वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. आणि बिननावाच्या बोर्डाचा फायदा घेणारेही होतेच. एका बैठकीत भिंतीवर आलं: 'या बाईले घरी पाठवा.'

सगळ्यांच्या माना खाली. मी ते पुसायला हात पुढे केला.

"राहू दे," बाई म्हणाल्या. "नंबर पडला न त्याले? किती?"

"तेवीस."

"तेवीस नंबरची सूचना हाय. मतदानाले घेऊ."

आणि खरंच घेतली. दोन मतं पडली. बाई म्हणाल्या, "एक लिवनाऱ्याचं. दुसरं माह्यं. माह्येही पाय दुखून राहिले बाप्पा." शेड हसून हसून फुटलं. त्या दिवसानंतर तसलं काही भिंतीवर आलं नाही.

आमच्या मोहल्ल्यातल्या बुद्धविहारातही मी त्यांना एकदा घेऊन गेले. तिथं पोरांसाठी अभ्यासिका काढायची होती आणि दोन गट दोन महिने भांडत होते, आधी फर्निचर की आधी पुस्तकं. बाईंनी सगळ्यांना फोन काढायला लावले. तासाभरात भिंतीवर साठ-बासष्ट गोष्टी आल्या, आणि त्यात फर्निचर की पुस्तकं हा वाद कोणाला दिसेनासा झाला, कारण पोरींनी लिहिलं होतं की संध्याकाळी विहारापर्यंत यायच्या गल्लीत लाईट नाही. दोन महिने हे कोणाला सुचलं नव्हतं. सुचलं होतं म्हणा, सांगितलं नव्हतं. माझे बाबा मागे बसले होते. घरी येऊन आईला म्हणाले, "आपली पोरगी मशीन चालवत होती." एवढंच. आमच्या बाबांचं एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ.

आता ज्या प्रसंगासाठी हे सगळं लिहायला बसले तो सांगते.

आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर पिकणाऱ्या संत्र्याची, तोडाई जोरात होती, थंडी पडायला लागली होती. आमचा माल लांबच्या मंडीत जायचा आणि तिथून तक्रारी येऊ लागल्या: सालीवर तपकिरी डाग, कॅरेटच्या तळाला सडका माल. एका मोठ्या खरेदीदाराने कळवलं, असंच चाललं तर पुढचा हंगाम दुसरीकडून घेऊ. तो गेला असता तर कंपनीच उरली नसती.

संचालकांनी कारण लगेच शोधलं. छटाईच्या बाया. त्यांचे हात जड, त्या संत्रा फेकतात. सगळ्या बाया बदला, असा सूर निघाला.

त्या सहा जणी होत्या. बहुतेक सावरगावच्या, जाम नदीचा पूल ओलांडून रोज पायी यायच्या. त्यांतली वच्छलाबाई सगळ्यांत अबोल. सकाळी यायची, पदर खोचून छटाईला बसायची, संध्याकाळी जायची. चहा हवा का असं मी विचारलं तर नुसती मान हलवायची, आणि ती मान हो म्हणते की नाही हेही कळायचं नाही. सातवीपर्यंत शिकली होती, एवढं मला माहीत होतं.

बाई म्हणाल्या, "बायाइवर ठपका हाय तं बायाइले बोर्डावर बसवा."

अध्यक्ष म्हणाले, "त्याइले लिहिता कुठं येते?"

"फोनमधी बोलतीन. फोन लिवते."

तसं केलं. संचालक शेडमध्ये, बाया गोदामात. त्यांच्याकडे मी एक कॉम्प्युटर आणि माझा स्वतःचा फोन ठेवला, बोललं की अक्षरं उमटतात तसा करून. मी शेडमध्ये भिंतीजवळ माझ्या मशीनवर बसले.

पहिली दहा मिनिटं नेहमीच्या गोष्टी आल्या. औषध बदला, कॅरेटमध्ये कागद घाला, ड्रायव्हर बदला. मग भिंतीवर उमटलं: 'देवात तोडलेला संत्रा सडते.'

संचालक एकमेकांकडे पाहायला लागले. अध्यक्षांना राहवलं नाही. "देवाले काहून मधात आनता बाप्पा? मी तं दर शनिवारी जाऊन राहिलो!" कोणीतरी हसलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढे बराच वेळ काही आलं नाही. मग त्याच सूचनेखाली एकेक अक्षर जोडल्यासारखी ओळ आली. फोनमधून बोललेली नव्हती, कोणीतरी एका बोटाने टाइप केली होती.

'देव नाही दव. अध्यक्षाच्या बगीच्यात सकाळी पाच वाजता दवात तोडाई होते. ओला संत्रा कॅरेटमधी दाबला जाते. तोच सडते. उन्हात तोडलेला नाही सडत. हाताचा दोष नाही.'

अध्यक्षांचा चेहरा लाल झाला. दुपारी ट्रक निघायचा, आणि ट्रकमध्ये सगळ्यांत आधी, सगळ्यांत खाली लागायचा तो त्यांच्याच बगीच्याचा माल. म्हणून त्यांची तोडाई पहाटेपासून. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी त्याचा आणि डागांचा संबंध जोडला नव्हता, किंवा जोडून गप्प बसलं होतं.

बैठक मोडली. अध्यक्ष सरळ माझ्या टेबलाशी आले.

"कोनं लिवलं थे?"

"नाव नाही दिसत, भाऊ."

"मले येडा नको समजू. तुह्या मशीनवर बाजूले नंबर येतात थे मी पाह्यले. कोन्त्या मशीनवरून आलं?"

हे खरं होतं, आणि चूक माझी होती. कुठलं मशीन बिघडलं ते कळावं म्हणून कोणती सूचना कुठून आली याची यादी मी माझ्यापुरती ठेवत होते. बाईंना सांगितलं नव्हतं. आणि यादीत त्या ओळीसमोर लिहिलं होतं: चार. चार म्हणजे गोदाम. सहाजणींपैकी कोण, ते मलाही माहीत नव्हतं, पण अध्यक्षांना एवढं पुरलं असतं. सहाही जणी दुसऱ्या दिवशी पुलाच्या पलीकडेच राहिल्या असत्या.

"मला नाही माहीत," मी म्हणाले. आवाज माझा मलाच खोटा वाटला.

"पोरी, इचार करून बोल. नोकरी करायची हाय न इथं?"

माझ्या डोळ्यांसमोर बाबा आले. ते त्याच वर्षी निवृत्त झाले होते आणि धाकट्या भावाचं शिक्षण व्हायचं होतं. खोटं सांगत नाही, एक क्षण तो आकडा जिभेवर आला होता.

तेवढ्यात मागून बाई पुढे आल्या. सगळं ऐकलं असावं. माझ्याकडे पाहून विचारलं, "दिसते का तुले, कुठून आलं थे?"

मी मान खाली घातली. "दिसते, बाई."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला अध्यक्षांच्या रागापेक्षा जास्त लागलं. मग शांतपणे म्हणाल्या, "एक्सचेंजात मले पह्यल्या दिवशी दोन गोष्टी शिकवल्या. लाईन जोडनं, अन् आयकलेलं विसरनं. या गावातल्या किती घरच्या किती गोष्टी माह्या कानावरून गेल्या, भाऊ. तुमच्याही घरच्या गेल्या. कधी कोनाच्या तोंडून वापस आल्या का तुमच्याजवळ?"

"पुसून टाक," बाई मला म्हणाल्या.

"बाई..."

"भाऊच्या समोर पुस."

मी यादी उघडली. अध्यक्ष टेबलापलीकडे उभे होते, स्क्रीन माझ्या बाजूला होता. टेबलाला वळसा घातला असता तर त्यांना तो आकडा दिसला असता. मी सगळी यादी निवडली आणि पुसली. मग जिथं पुसलेलं जाऊन पडतं, तिथूनही पुसली.

"उद्यापासून येऊ नको," अध्यक्ष म्हणाले.

"आठ दिवस येईन ती," बाई म्हणाल्या. "मंग तुमी ठरवा. मीही राजीनामा लिहून ठेवते. आठ दिवस मांगून राहिली, भाऊ. तुमच्याच बगीच्यातले दहा कॅरेट पाच वाजताचे, दहा दव वाळल्यावरचे, अकरा वाजताचे. दोन्ही इथं शेडमधी ठेवू. तुमच्याच कुलपात. आठव्या दिवशी तुमीच उघडा."

अध्यक्षांनी लगेच हो म्हटलं. बाई खोट्या ठरणार याची त्यांना खात्री होती. वीसही कॅरेट त्यांनी स्वतःच्या हाताने भरले, कोणी जड हाताने भरलं म्हणू नये म्हणून, आणि खडूने खुणा केल्या.

पहिले तीन दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी चौथ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "बाई, माझं चुकलं. यादी ठेवायला नको होती."

"हव. चुकलं," त्या म्हणाल्या. पुढे काहीतरी म्हणतील म्हणून मी थांबले. त्या कागद वाचत राहिल्या. निघाले तेव्हा मागून म्हणाल्या, "पुसताना हात थांबला नाई तुहा. थे मी पाह्यलं."

ते वाक्य मी सौंसरच्या बसमध्ये खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा मनात म्हटलं.

आठव्या दिवशी सगळे संचालक जमले. बायाही छटाई सोडून मागे उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी कुलूप काढलं, आधी अकरा वाजताचा कॅरेट उघडला. वरून खालपर्यंत संत्रा जसा भरला तसा, केशरी, टणक. मग दुसरा, तिसरा. एखादं फळ मऊ निघालं, बाकी माल चांगला. मग पाच वाजताचा कॅरेट. झाकण काढलं तसा वास आला. सालीवर तपकिरी चट्टे होते, तळाला हिरवी बुरशी. अध्यक्षांनी एकामागून एक दहाही कॅरेट उघडले. कोणी मदतीला पुढे झालं नाही, त्यांनी होऊ दिलं नाही. दहाव्यातून एक डागी संत्रा उचलला आणि अंगठ्याने दाबून पाहिला.

"उद्यापासून ट्रक संध्याकाळी निघन," ते म्हणाले. "दहाच्या आधी कोनाच्याच बगीच्यात तोडाई नाई. माह्याही नाई." मग माझ्याकडे वळले. "पोरी, सगळ्याइले चहा सांग. बायाइलेही."

बाईंनी पिशवीतून राजीनाम्याचा कागद काढला, चार तुकडे केले आणि पांढऱ्या बुटांनी टपटपत रिकाम्या कॅरेटांकडे गेल्या. मोठी लढाई जिंकल्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी मोपेड सुरू करायला त्यांना तीनदा किक मारावी लागली, आणि तिन्ही वेळा त्या स्वतःशीच हसत होत्या.

खरेदीदार टिकला. उलट पुढच्या हंगामात त्याने माल वाढवून मागितला. आजूबाजूच्या गावांत गोष्ट पसरली आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतरच्या आमच्या वार्षिक सभेला जिल्ह्याचे एक अधिकारी आले. शेडमध्ये मांडव, खुर्च्या, दोन-अडीचशे माणसं. सभासदांच्या सूचना घ्यायच्या म्हणून भिंतीवर बोर्ड लावलेला, मी मशीनवर. बाया नेहमीसारख्या मागे, खुर्च्या असूनही खाली बसलेल्या.

अधिकारी चांगलं बोलले. म्हणाले, दवाचा हा विचार तुमच्या अध्यक्षांना सुचला, त्यांनी स्वतःच्या बगीच्यात प्रयोग केला, असं नेतृत्व हवं. टाळ्या झाल्या. अध्यक्षांच्या खांद्यावर शाल आली. ते अवघडले, काही बोलायला तोंड उघडलं, आणि नुसते हात जोडून बसले. मी स्टेजवर बाईंकडे पाहिलं. त्या सरळ समोर पाहत होत्या. नाव सांगायचं नाही हा नियम त्यांनीच केला होता, आणि तो मोडणाऱ्या त्या नव्हत्या.

तेव्हा मागून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट.

"साहेब, थे मी लिवलं होतं."

सगळी सभा मागे वळली. वच्छलाबाई पदर खोचलेलाच ठेवून उभी होती. जवळच्या पाचजणीही तिच्याकडे पाहतच राहिल्या होत्या.

"फोननं दवाचा देव केला," ती म्हणाली. "मंग मी बोटानं लिवलं. माह्या घरी सावरगावले आठ झाडं हायेत संत्र्याचे. माह्या सासऱ्यानं सांगतलं होतं, ओला संत्रा हातात नाई घ्यायचा. मले मालूम होतं. इचारलं नव्हतं कोनं."

अधिकारी कागद चाळायला लागले. स्टेजवर कुजबुज झाली. वच्छलाबाई बसेल असं वाटलं. ती बसली नाही.

"अन् उभी झालीच हाव तं आनखी एक हाय..."

मी सवयीने की-बोर्डवर हात ठेवले. तिची सूचना भिंतीवर टाकायची, नंबर द्यायचा, बिननावाची. अधिकाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात अध्यक्ष उठले. शाल खांद्यावरून घसरली ती त्यांनी हातात धरली, आणि मोठा आवाज शक्य तितका लहान करून म्हणाले, "बोला वच्छलाबाई. आमी आयकून राहिलो."

स्टेजच्या कडेने बाई माझ्याकडे वाकल्या. त्यांचे डोळे भरलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"मशीन बंद कर पोरी," त्या म्हणाल्या. "ती बोलून राहिली न."